बिबट्या आलाय म्हणे, खाली या!

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘बिबट्या आलाय’ असा मेसेज पडला, तर एक गोष्ट अजिबात करू नका. दार लावू नका. दार लावून बसलेली माणसं पुढे जन्मभर एवढंच सांगू शकतात की ‘तेव्हा आम्ही आत होतो’. ह्याला कोणी किस्सा म्हणत नाही. मोबाईल चार्जिंगवरून काढा, सापडेल त्या चपलेत पाय सरकवा आणि खाली या. लिफ्टला गर्दी असेल, जिन्याने या. मुलांना उठवून आणा. एरवी कात्रजला तिकीट काढून गेलं तरी बिबट्या झोपलेलाच दिसतो. हा जागा आहे, हिंडता-फिरता आहे आणि फुकट आहे.

खाली आल्या आल्या त्याच्या मागे लागू नये. आधी ठसे शोधावेत. आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात बागेतल्या मातीत एक ठसा सापडला. माळ्याने आदल्या संध्याकाळी पाणी घातलेलं, त्यामुळे तो अगदी साच्यातून काढल्यासारखा उमटला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी त्याच्याभोवती रांगोळीने गोल काढला आणि कोणाचा पाय पडू नये म्हणून वर घमेलं पालथं घातलं. घमेल्यापाशी वॉचमन उभा केला. (गेटवर तेवढ्या वेळात कोणीच नव्हतं, पण बिबट्या गेटमधून थोडाच येतो, असं चेअरमन म्हणाले.) मग रांग लागली. काका घमेलं उचलायचे, पाच जण वाकायचे, फोटो निघायचे, घमेलं पुन्हा खाली. आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘काका, ह्याला नखं दिसतायत. मांजराच्या जातीतले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. हा कुत्रा आहे.’ तिला अभ्यासाला वर पाठवण्यात आलं.

तेव्हा ठसा कुत्र्याचा निघाला तरी धीर सोडू नका. बिबट्याचा ठसा बहुमताने ठरतो.

प्रत्यक्ष प्राणी दिसलाच तर फोटो खाली बसून घ्यावा, म्हणजे अँगल चांगला मिळतो. उभा माणूस बिबट्याच्या हिशोबात भक्ष्य म्हणून सहसा बसत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला किंवा लहान मूल मात्र उंचीने बरोबर बसतं. वनखात्याचे लोक हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्यांना फोटोग्राफी कळत नाही. त्यांचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. तो लावत बसू नये. फोन कानाला असला की व्हिडिओ काढता येत नाही.

आता गर्दी. गर्दी कशी करावी हे शिकायचं असेल तर आमच्या कोथरूडकडे बघावं. ९ डिसेंबर २०२० ला सकाळी महात्मा सोसायटीच्या भागात एक गवा आला. गवा म्हणजे पूर्ण वाढला तर हजार किलोपर्यंत जाणारं जनावर, पण खाणं गवत आणि पाला. शुद्ध शाकाहारी. पुण्यात त्याला जागा भाड्यानेही मिळाली असती. कुठून तरी डोंगर उतरताना वाट चुकला होता आणि त्याला परत जायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. आपण मात्र त्याला एकटं वाटू नये ह्याची काळजी घेतली. पुढे गवा, मागे वनखातं, त्यांच्या मागे आपण, गच्च्यांवर आपण, भिंतींवर आपण. काही तास तो बंगल्यांच्या गल्ल्यांतून धावत होता. तोंड फुटलं होतं, रक्त येत होतं, तेही व्हिडिओत स्पष्ट आलंय. शेवटी बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन, जाळी टाकून त्याला पकडला आणि त्याच दिवशी तो मेला.

धावून धावून असं जनावर आतून तापतं, त्याचे स्नायू निकामी होतात, भीतीनेही ते मरू शकतं. हे डॉक्टरांनी नंतर टीव्हीवर समजावून सांगितलं. संध्याकाळी आपण श्रद्धांजलीचे स्टेटस ठेवले. बॅटरी उरलेली होती.

ह्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. ह्या वेळी बंदोबस्त आधी लागला, लोकांना लांब ठेवलं आणि तो गवा आपल्या पायांनी जंगलात परत गेला. आठवतो का तुम्हाला हा दुसरा गवा? नाही ना? मग! गर्दी केली नाही की असं होतं. काही लक्षात राहत नाही.

बेशुद्धीच्या इंजेक्शनबद्दलही दोन शब्द सांगून ठेवतो. सिनेमात डार्ट लागला की प्राणी तिथल्या तिथे आडवा होतो. प्रत्यक्षात औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्याला शांतता लागते. नेमकी हीच वेळ साधून ‘लागला! लागला!’ असं ओरडावं. शक्य असेल तर शिट्टी.

बिबट्या गेल्यावर (तो जातो, बहुतेक वेळा आपल्यालाच पत्ता नसतो) ग्रुपवर ठराव मांडायचा: पिंजरा लावा, पकडा आणि लांब सोडून या. ह्याला तोड नाही. जुन्नरकडे हा प्रयोग रीतसर झालेला आहे. फेब्रुवारी २००१ पासून तिथे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढे अभ्यास केला. त्यात आढळलं की आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते त्या काळात १७ वर गेले. अनोळखी मुलखात उतरवलेलं जनावर काय करणार? तुम्हाला कोणी रात्रीत उचलून अनोळखी गावात सोडलं, खिशात पैसे नाहीत, कोणाची ओळख नाही, तर तुम्ही तरी सभ्यपणे वागाल ह्याची काय खात्री? पण ठरावाला अडचण नाही. जिथे सोडायचा ती माणसं आपल्या ग्रुपवर नाहीत.

शिवाय तो सोडलेल्या जागी राहील, हा आपला समज. ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढला, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. गडी महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग, रेल्वे, खाडी ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत कोणाला ओरखडासुद्धा नाही. पुढे २०११ मध्ये हायवेवर गाडीखाली मेला. मुंबईत आलेल्या पुष्कळांचं असंच होतं.

बिबट्याने पुन्हा यावं असं वाटत असेल तर फार खर्च नाही. ओला कचरा रात्रीच कुंपणाबाहेर टाकून ठेवा. त्यावर कुत्री येतात, डुकरं येतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो. मुंबईच्या त्या राष्ट्रीय उद्यानाच्या जेमतेम १०३-१०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात आणि आरेसकट आजूबाजूला पन्नासेक बिबटे राहतात, त्यांच्या पोटात हरणांबरोबर वस्तीतल्या कुत्र्यांचाही बराच वाटा असतो. आरेतल्या पाड्यांवर वारली लोकांचा वाघोबा आहे. सह्याद्रीत आदिवासी पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. पोरांना अंधार पडायच्या आत घरात घेतात, कोंबड्या झाकतात, आणि बिबट्या दिसला तर ‘गेला असेल वरच्या अंगाला’ म्हणून कामाला लागतात. आपण एवढे मागासलेले नाही. आपण ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलेलं माहितीपत्रक बघून टेकडीला खेटून फ्लॅट घेतला, त्या कुशीचे स्क्वेअर फुटाला जादा पैसे मोजले. आता कुशीतून कोणी बाहेर आलं की बिल्डरला फोन.

हे सगळं शहरातल्यांसाठी. उसातल्या माणसांना सल्ला द्यायची वेळ आली तर तो एका ओळीत द्यावा: ‘रात्री घराबाहेर पडू नका.’ जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे ऊस वर्षभर, दीड वर्ष उभा असतो, बिबट्या त्यातच वितो, पिल्लं त्यातच वाढतात. तोडणी आली की फडात पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती खोक्यात घालून संध्याकाळी तिथेच ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. आणि त्याच शेताला पाणी द्यायची थ्री-फेजची पाळी रात्रीची असते. दिवसा वीज द्या, एवढंच ते लोक किती वर्षं मागतायत. तिथे माणसं गेली, लहान पोरं गेली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लोक गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घालून शेतात जात होते. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात घालतात तसले पट्टे. तो फोटो आमच्या ग्रुपवरही आला. एकाने हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी टाकला, त्याला सात जणांनी अंगठा दिला.

आमच्या घमेल्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच. तीन दिवसांनी माळ्याने पाणी घातलं, ठसा गेला, घमेलं परत बांधकामावर गेलं. संक्रांतीनंतर एका सकाळी वॉचमनने सीसीटीव्हीचं चित्रण टाकलं. वेळ पहाटेची, तीन बेचाळीस. मागच्या भिंतीवरून एक लांब शेपूट उतरते, तिच्याबरोबर बाकीचा बिबट्या. तो दुचाकींच्या रांगेपाशी थांबतो, एका स्कूटरची सीट हुंगतो, पाण्याच्या टाकीला वळसा घालतो आणि पुन्हा भिंतीवरून पलीकडे. अकरा सेकंद. ह्या वेळी तो खरा होता, मुलीने मान डोलावली.

ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘एवढंच?’

दुपारी दुसरा एक व्हिडिओ फिरत आला. त्यात बिबट्या एका किचनमध्ये फ्रिज उघडून दूध पितो आणि मागे आजी देवपूजा करतायत. काकांनी लगेच ‘आपल्याच एरियातला दिसतोय, सावध राहा’ म्हणून पुढे पाठवला. त्या बिबट्याला पाच पाय होते.