सशाला पाणी पाजायचं नाही म्हणे!

पेठेत कुणाकडे ससा आला की तासाभरात तो मेसेज येतोच, हात जोडलेल्या इमोजीसकट. मजकूर थोडक्यात असा: ससा पाळायला सगळ्यात सोपा. त्याला पाणी पाजू नका, पाण्याने ससा मरतो. गाजर, कोबी आणि उरलेली चपाती एवढं पुरतं. पोट बिघडलं तर एक दिवस उपाशी ठेवा. खरूज झाली तर कुत्र्याचा गोचिडाचा स्प्रे मारा, नाहीतर औषधी साबणाने आंघोळ घाला. शिंका थंडीने येतात, जातात. मान वाकडी झाली तर तो गेलाच समजा. आणि डॉक्टरकडे नेऊन पैसे घालवू नका, सशाला औषध लागू पडत नाही.

तरणाताठा, धडधाकट ससा यातलं बरंच काही काही दिवस सोसतो. म्हणूनच हा मेसेज इतकी वर्षं फिरतोय. पण दत्तक येणारे ससे धडधाकट असतात कुठं? कुणाची बदली झाली, कुणाच्या पोराची हौस फिटली, कुणाला वास सोसेना, म्हणून तो तुमच्या दारात येतो. येताना कानात खपल्या, चिकटलेलं ढुंगण, वाढलेले दात असं काहीतरी घेऊनच येतो. अशा सशावर हे सल्ले चालवले की आठवड्यात खेळ खलास. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पाण्यापासून सुरुवात करू. सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं. दिवसभर ओला हिरवा पाला मिळाला तर तो भांड्याकडे कमी फिरकतो, त्यावरून ‘ससा पाणी पीतच नाही’ असा समज झाला असावा. दुसरं कारण जास्त वाईट आहे. बाजारात गोंडस दिसावीत म्हणून पिल्लं फार लवकर आईपासून तोडतात. घरी आल्यावर त्यांना एकदम कोबी आणि चपाती मिळते, पोटात कॉक्सिडिया नावाचे परजीवी आधीच असतात, मग जुलाब लागून पिल्लू दगावतं. भांड्यात पाणी होतं, म्हणून आळ पाण्यावर! खरं तर जुलाबात अंगातलं पाणी जाऊनच ते मेलेलं असतं. पाणी तोडलं की पोटातलं गवत सुकून घट्ट होतं आणि आतडं जागीच थांबतं. शिवाय ससा खाण्यातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो, त्यामुळे त्याची लघवी मुळातच पांढुरकी, गढूळ असते. पाणी कमी पडलं तर तोच गाळ मूत्राशयात साठतो. कुंभाराकडचं पसरट मातीचं परळ ठेवा, जड असतं, उलटत नाही. पिंजऱ्याला लटकवलेल्या नळीच्या बाटलीपेक्षा ससे उघड्या भांड्यातून जास्त पाणी पितात.

आता गाजर, कोबी आणि चपाती. कार्टून बघून मोठ्या झालेल्या माणसाला सशाच्या हातातून गाजर काढून घेणं जिवावर येतं, पण गाजर म्हणजे सशाचा पेढा. बोटाच्या पेरभर तुकडा, तोही कधीतरी. त्याचं खरं जेवण गवत. रोजच्या खाण्यातला चार पंचमांशापेक्षा जास्त वाटा गवताचा हवा, वाळलेलं आणि ओलं मिळून. याला कारण दात. सशाचे सगळे दात, पुढचे आणि दाढा मिळून 28, जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर. गवताची काडी दाढांखाली आडवी घासत चघळताना ते झिजतात. चपाती आणि गाजर दोन चाव्यांत पोटात जातात, दाढांना कामच उरत नाही. मग दाढेच्या कडेला धारदार टोक निघतं आणि जिभेला, गालाला कापतं. असा ससा भुकेला असतो, भांड्याजवळ येतो, तोंड लावतो आणि मागे सरकतो. हनुवटीखालचे केस बोटांनी चाचपून बघा. ओले, चिकट लागले तर दुखणं दाढेत आहे. इथं काहीजण नेलकटर काढतात. काढू नका. दात उभा चिरतो, मुळापाशी पू होतो, आणि दाढांपर्यंत तर नेलकटर पोचतही नाही. दात झिजावेत म्हणून उसाचं कांडं द्यायची आपल्याकडची युक्तीही सोडा. त्यातली साखर आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा बट्ट्याबोळ करते.

‘पण परदेशी गवत परवडत नाही’ हे खरं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या टिमोथी गवताचा भाव बघून माझेही डोळे पांढरे होतात. पण परदेशात सशाला बर्म्युडा गवत म्हणून जे विकतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. वनस्पती एकच. स्वच्छ जागेची हरळी आणून धुवा, सावलीत वाळवा, काम झालं. रस्त्याकडेची नको, तणनाशक मारलेल्या बांधावरची तर नकोच. आणि गणेशोत्सवात देवापुढून उतरलेल्या, पिशवीत आंबलेल्या जुड्या सशापुढे टाकू नका, पुण्य लागणार नाही. वैरणीच्या दुकानात लसूणघास (ल्यूसर्न, जनावरांचा हिरवा चारा) सहज मिळतो. वाढीच्या पिल्लाला तो ठीक, मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार. वरून मूठभर पाला द्यायचा तर कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटमध्ये मुळ्याचा, गाजराचा पाला मागून घ्या. कोथिंबीर, पुदिना चालतो. कोबी विष नाही, पण पोट आधीच नाजूक असलेल्या सशाला त्याने गॅस धरतो. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला मात्र अजिबात नाही. आणि हे सगळं बदलायचं ते सावकाश. जुना मालक काय घालत होता ते विचारा, त्यातलंच थोडं मागून आणा, आणि आठवडा-दोन आठवडे जुनं कमी करत नवं वाढवा.

या मेसेजमधलं सगळ्यात घातकी वाक्य मात्र पुढचं आहे: पोट बिघडलं तर उपाशी ठेवा. माणसाला लंघन मानवतं. सशाला ते मारतं. आपल्याकडे म्हशीने वैरणीला तोंड लावलं नाही, रवंथ थांबवली, की घरातली आजीसुद्धा ‘डॉक्टरला बोलवा’ म्हणते. सकाळ व्हायची वाट कुणी बघत नाही. सशाला तेवढीच घाई हवी, किंबहुना जास्त. तो रवंथ करत नाही. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते, गवत तिथे आंबतं. वरून सतत काडी येत राहिली तरच हे यंत्र चालतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि चक्र सुरू होतं. त्याला उलटीही होत नाही, शरीराची रचनाच तशी. ससा आठ-दहा तास काही खात नसेल किंवा बारा तासांत लेंडी पडली नसेल, तर ती रात्री अकरा वाजताही तातडीची वेळ आहे.

म्हणून नव्या सशाचं तोंड बघण्याआधी त्याच्या लेंड्या बघायला शिका. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी. दोन बोटांत चुरडली तर आत गवताचा भुसा दिसतो, वास जवळजवळ नाहीच. लेंड्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या की आतडं मंदावतंय. एकमेकींना केसांनी गुंफून माळेसारख्या आल्या तर तो केस जास्त आणि गवत कमी गिळतोय. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या गोळ्या दिसल्या तर मात्र जुलाब समजून घाबरू नका. त्या तो थेट ढुंगणापासून तोंडात घेऊन खातो, त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. ‘घाण खातोय’ म्हणून चापट मारणारे महाभाग आहेत! त्या गोळ्या खाली पडून राहत असतील तर विचार करा: एक तर खुराक जास्त होतोय, नाहीतर जाडीमुळे किंवा पाठ दुखत असल्याने त्याला वाकता येत नाही. पाण्यासारखे जुलाब मात्र वेगळे, ते लागले तर त्याच दिवशी डॉक्टर.

खाणं थांबलेल्या सशाचं पोट हाताने बघा. ढोलासारखं टणक, फुगलेलं असेल तर तोंडात काहीही कोंबू नका, तसाच उचलून दवाखान्यात न्या. पोट मऊ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गवत दाबून केलेल्या तयार खाद्याची (पेलेट्सची) भुकटी कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने थोडी थोडी भरवतात. कान थंडगार लागत असतील तर आधी ऊब द्या. आतडं थांबलेल्या सशाचं अंग गार पडतं.

स्प्रे आणि साबणाचं आता बघू. कुत्र्यामांजराच्या गोचिडांवर जे फिप्रोनिल वापरतात ते सशाच्या जिवावर उठतं. झटके येतात आणि तो मरतो. त्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, नाव दिसलं की खाली ठेवा. खरूज ओळखायला सोपी असते: नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडांवर, बोटांच्या बेचक्यात पांढरट राखाडी खपल्या. कानाच्या आत तपकिरी पापुद्रे साचले असतील तर ते कानातल्या किड्यांचं काम. ते खरवडू नका, खाली जिवंत कातडं असतं, भयंकर दुखतं. औषधाने खपल्या आपोआप गळतात. डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावतात, कारण किड्यांची अंडी पहिल्या डोसाने मरत नाहीत. एका इंजेक्शनने ससा सुधारलेला दिसतो आणि लोक दुसऱ्यांदा जात नाहीत, मग ‘औषध लागू पडत नाही’ हे आहेच. खरुजेचे किडे माणसालाही चावतात. हाताला खाज सुटली तर तुमच्या डॉक्टरला ससा असल्याचं सांगा. करंजेल चोपडायचा सल्लाही येईल. ससा दिवसभर अंग चाटतो, लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं.

आंघोळ तर कुठल्याच सशाला नको. दाट केस लवकर वाळत नाहीत, तो गारठतो. बादलीत धरल्यावर त्याने मागचे पाय जोरात झाडले तर त्याचाच मणका मोडू शकतो. ढुंगण बरबटलं असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडा करा. जुलै-ऑगस्टच्या झडीत हे रोज बघा. ओल्या, घाण केसांत माशी अंडी घालते आणि दिवसभरात आत अळ्या होतात.

घरातल्या औषधांच्या डब्यालाही हात लावू नका. मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलीन सशाला पाजलं, तर आतड्यातले चांगले जंतू मरून घातक जंतू माजतात आणि ससा त्या औषधानेच जातो. पेनिसिलीनच्या जातीची औषधं तोंडावाटे सशाला चालत नाहीत. त्याला चालणारी प्रतिजैविकं वेगळी आहेत, आणि ती डॉक्टरला माहीत असतात.

शिंकांबद्दल मेसेज म्हणतो, थंडीने येतात, जातात. ससा जवळजवळ सगळा श्वास नाकानेच घेतो. नाक चोंदलं की खाणं थांबतं, आणि खाणं थांबल्यावर काय होतं ते वर आलंच. पुढच्या पायांची आतली बाजू बघा. तिथले केस चिकटून कडक झाले असतील तर तो शेंबूड पुसतोय. बंद खोक्यातला लघवीचा उग्र वास हे दुखणं वाढवतो. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला तर चप्पल घालायलाही थांबू नका.

मान वाकडी होणं हे मरण नाही. आतल्या कानातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूत शिरणारा एक सूक्ष्म परजीवी, ही त्याची नेहमीची कारणं. परजीवीवर फेनबेंडॅझोल साधारण 28 दिवस द्यावं लागतं. बरेच ससे सावरतात. कुणाची मान थोडी तिरकी राहते, तसाच तो पुढे वर्षानुवर्षं गवत खातो. सुरुवातीला तो गडगडतो, म्हणून भोवती गुंडाळलेले टॉवेल लावा आणि पाणी-गवत तोंडाशी आणून द्या.

राहता राहिला डॉक्टरचा मुद्दा. आपल्या भागातले बहुतेक पशुवैद्य म्हशी-गायी आणि कुत्री बघतात, हे मान्य. पण त्यावरून ‘औषधच नाही’ हे कसं ठरतं? फोनवरच विचारा, ससे बघितलेत का? नसतील तर दुसरा नंबर मागा, बहुतेकजण देतात. अवघड केस असेल तर पुणे रस्त्यावर, सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना आदल्या दिवसाच्या लेंड्या डबीत घ्या, पिंजऱ्यात मूठभर गवत ठेवा, वाटेत खाणं थांबायला नको. ससा कानाला धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मादी असेल तर नसबंदीबद्दल विचारा, वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, तर कारण विचारा. ‘भुलेत उलटी होईल’ असं कुत्र्याला लागू पडणारं उत्तर आलं, तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होतच नाही.