आमच्या शेतावरच्या 22 नोव्हेंबरच्या आकाशदर्शनाबद्दल तुम्ही लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दुर्बिणी दाखवणाऱ्या सगळ्या मुलांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्ही दोन स्टार दिलेत. जाहिरातीत कड्यांचा शनी होता, दुर्बिणीत मात्र 'दाभण खुपसलेली गोटी' दिसली. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकता ढग, नुसता राखाडी डाग. सुरुवातीला पाऊण तास शाळेचा तास. मुलीनं मोबाइल काढला तर आमचा मुलगा तिच्यावर खेकसला. वाटेवर एक बल्ब नाही, भाकरी गार. आणि तुमच्या आईंना स्टुलावर चढता येईना, म्हणून त्या काहीही न बघता दोन तास खुर्चीत बसून राहिल्या. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "आमच्या गावी अंगणातून यापेक्षा जास्त दिसायचं."

तुमच्या आईंपासून, म्हणजे आजींपासूनच सुरुवात करते, कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. त्या रात्री आठच्या सुमारास शनी जवळपास डोक्यावर होता. आमची मोठी दुर्बीण बारा इंच व्यासाची आहे. ती वर रोखली की डोळा लावायची जागा माणसाच्या खांद्याच्याही वर जाते, म्हणून तिथे स्टूल ठेवतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंधारात, शेतातल्या जमिनीवर स्टुलावर चढवायचं नाही, हे बरोबरच. पण मग त्यांच्यासाठी दुसरी सोय हवी होती. बाजूलाच सहा इंची दुर्बीण उभी होती, खुर्चीत बसून तिच्यातून शनी सहज दिसला असता. ती कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. मी त्या वेळी जेवणाचं बघत होते. चूक माझी आहे. आता ती छोटी दुर्बीण पहिल्यापासून खुर्चीशेजारीच लावलेली असते आणि एक मुलगा फक्त तिथेच असतो. शिवाय मोठ्या दुर्बिणीला जोडायचा कॅमेरा घेतला आहे. ज्यांना वाकता येत नाही, चष्मा जाड आहे, हात थरथरतात, त्यांना तेच दृश्य मांडीवरच्या टॅबवर दिसेल. आजींचे पैसे मी काल परत पाठवले आहेत. ते कृपया ठेवून घ्या.

आता शनी. पोस्टरवरचं ते चित्र कॅसिनी यानानं काढलेलं होतं. ते यान 2004 पासून 2017 पर्यंत शनीभोवती फिरत होतं. जुन्नर तालुक्यातल्या शेतात लावलेल्या दुर्बिणीच्या जाहिरातीवर ते चित्र टाकणं चुकीचंच होतं. पोस्टर काढून टाकलं आहे. नव्या पोस्टरवर आमच्याच दुर्बिणीला मोबाइल लावून घेतलेला फोटो आहे, थोडा हललेला, पण आमचा.

मात्र तुम्ही जे पाहिलंत त्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण ते तुम्हाला त्या रात्री कोणी नीट सांगितलंच नाही. शनीचा आस कललेला आहे, सुमारे 27 अंश. त्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्या फेरीत आपल्याला कधी कड्यांची वरची बाजू दिसते, कधी खालची, आणि मध्ये दोनदा ती बरोबर कडेनं दिसतात. भाकरी तव्यावर असताना केवढी दिसते बघा, आणि तीच डोळ्यासमोर आडवी धरली की नुसती रेघ. कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आहे आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, म्हणजे आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढी. मार्च 2025 मध्ये पृथ्वी थेट कड्यांच्या पातळीतून गेली. नंतर कडी जराशी उघडली आणि नोव्हेंबरअखेरीस पुन्हा मिटत आली. तुम्ही आलात त्या शनिवारी त्यांचा आपल्याकडचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता. दाभण खुपसलेली गोटी, हे इतकं अचूक वर्णन आमच्या मुलांनाही सुचलं नव्हतं.

गॅलिलिओनं 1610 मध्ये शनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिला तेव्हा त्याला मधला गोळा आणि दोन बाजूंना दोन छोटे गोळे असं काहीतरी दिसलं. 1612 मध्ये पुन्हा पाहतो तर बाजूचे दोन्ही नाहीसे. तो चक्रावून गेला. तुम्ही पाहिलात तसाच कडेनं दिसणारा शनी होता तो. त्याच्याभोवती सपाट कडं आहे, हे डच खगोलशास्त्रज्ञ हॉयगन्सनं 1659 मध्ये छापून सांगेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. पृथ्वी पुन्हा कड्यांच्या पातळीतून जाईल ती 2038 मध्ये. तुमची लेक तेव्हा एकवीस वर्षांची असेल. भरगच्च कडी 2032 च्या सुमारास दिसतील. ती तर सगळेच पाहतील. हा शनी तिनं आठव्या वर्षी पाहिला आहे आणि त्या गोळ्यावरून निघून तिच्या डोळ्यात शिरलेला उजेड सव्वा तासाच्या आसपास प्रवास करून आला होता. हे तिला दुर्बिणीपाशी उभी असताना सांगायला हवं होतं, आज लिहून काय उपयोग. आता जेवतानाच भाकरी हातात घेऊन सांगते. (भाकरी गार होती हे खरं. दुर्बिणीची रांग लांबली आणि जेवण थांबलं. आता आधी जेवण, मग दुर्बीण.)

राखाडी डागाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. मृगातल्या तेजोमेघाचे गुलाबी-जांभळे फोटो कॅमेऱ्यानं कितीतरी मिनिटांचा उजेड साठवून केलेले असतात. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड थेट डोळ्यात येतो तेव्हा तो राखाडीच दिसतो, आणि तो खरा असतो. तुम्ही सुचवलंत की मोठा पडदा लावा, रंगीत चित्रं दाखवा, संगीत असू द्या. त्याचं जे सुख आहे ते मुंबईच्या नेहरू तारांगणात मिळतं. मी स्वतः तिथे जाते आणि लोकांनाही जायला सांगते. पण तेच इथे आणलं तर तुम्ही एवढा घाट चढून का यावं? कॅमेरा आजींसारख्यांसाठी आहे. ज्यांना डोळा लावता येतो त्यांनी आधी डोळाच लावावा, हा माझा हट्ट राहील.

मोबाइलचा नियमही राहील. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या स्क्रीननं ते सगळं क्षणात जातं, तेही रांगेतल्या सगळ्यांचं. पण आठ वर्षांच्या मुलीवर ओरडायचं काहीच कारण नव्हतं. त्या मुलाला तिची माफी मागायची आहे. वाटेवर आता गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली तोंड केलेले लाल दिवे लावले आहेत. लाल उजेडानं सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही. पेंचच्या जंगलाजवळच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे असेच जमिनीकडे वळवले गेले आणि जानेवारी 2024 मध्ये तिथे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र, झालं. हे मला ठाऊक असूनही स्वतःच्या वाटेवर पाय ठेचकाळतील असा अंधार ठेवला, तो ठेवायला नको होता.

सुरुवातीचा तो पाऊण तास डोळ्यांना अंधार सरावण्यासाठीच असतो. त्या वेळात तुमचे डोळे तयार होत असतात. हे आम्ही सांगतच नाही, त्यामुळे नुसतं भाषण वाटतं. आणि त्या दिवशी खरंच भाषणच झालं. आमचा मुलगा हुशार आहे, पण आकडे पाठ करून आला होता. मला कोणी तसं सांगितलं असतं तर मीही या वाटेला आले नसते. मी सातवीत असताना 28 फेब्रुवारीला शाळेनं आम्हाला खोडदला नेलं होतं. विज्ञान दिनाला तिथे जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन असतं, पंचक्रोशीतल्या शाळा येतात. 45 मीटर व्यासाची ती अँटेना बघून मी तिथल्या दादांना विचारलं, "डोळा कुठं लावायचा?" ते हसले नाहीत. खाली बसले आणि समजावलं, की ही कानासारखी आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते, आणि अशा 30 आहेत, 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, सगळ्या मिळून एकच काम करणाऱ्या. तेवढं ऐकून मी घरी आले ती आकाशाचं वेड घेऊन. त्या दादांसारखं खाली बसून सांगणं आमच्या मुलांना शिकवायचं आहे, ते काम चालू आहे. तोपर्यंत सुरुवातीचं बोलणं मी स्वतः करते.

राहिलं आजींचं ते वाक्य. त्या बरोबर बोलल्या. त्यांच्या लहानपणी गावात वीज नसेल किंवा नुकती आली असेल, आणि आकाशगंगा अंगणातून दिसत असेल. आमच्या शेतातूनही आता दक्षिणेकडे नारायणगावच्या दिव्यांचा पट्टा दिसतो, दरवर्षी थोडा वर सरकलेला. माझी आजी रात्री तिकांडं कुठवर आलं ते बघून मोटेवर जायची वेळ ठरवायची. घड्याळ नव्हतंच. मृगाच्या पोटातल्या त्या तीन ताऱ्यांना आज आमच्याच गावातल्या किती मुलांना बोट दाखवता येईल, मला शंका आहे.

म्हणून एक विनंती. 17 जानेवारीला शनिवार आहे, अमावास्येच्या आदली रात्र. गुरू याच महिन्यात आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतोय, त्यामुळे संध्याकाळपासून रात्रभर वर असेल. त्याचे चारही मोठे चंद्र छोट्या दुर्बिणीतूनही छान दिसतात, आजींना खुर्चीतून. तुम्हा चौघांनी यावं, पैसे घेणार नाही. अभिप्राय बदलायची गरज नाही, तो तसाच राहू द्या, पुढच्या लोकांना उपयोगी पडेल. मध्यरात्र उलटली की ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर येतात. आमच्याकडे त्यातल्या चार ताऱ्यांना म्हातारीची बाज म्हणतात आणि मागच्या तिघांना चोर. आजींच्या गावी काय म्हणायचे, ते त्यांनी आमच्या मुलांना सांगावं. तेवढा वेळ मी त्या रात्री राखून ठेवते आहे.

मुक्कामाची खोली वाटेच्या अगदी सुरुवातीची देते, म्हणजे त्यांना चालायला लागणार नाही. येणार असाल तर बुकिंगच्या नंबरवर आदल्या बुधवारपर्यंत कळवा.