आपल्या घोड्याच्या सोललेल्या नाकाविषयी आणि मी न विकलेल्या बिटाविषयी

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या घोड्यांच्या सामानाच्या दुकानाला परीक्षणात एकच तारा देऊन तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. आपला सहा वर्षांचा काठेवाडी घोडा नागावच्या किनाऱ्यावर उधळतो म्हणून आपण लांब दांड्यांचे, साखळीचे बिट (घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामाला जोडलेली धातूची दांडी) मागितले, ते मी दिले नाही आणि वर दात तपासून घेण्याचा उपदेश केला, ही पहिली. त्याऐवजी घेतलेल्या बिटलेस, म्हणजे तोंडात काही न घालता नाकपट्ट्यावर चालणाऱ्या लगामाने आठ दिवसांत घोड्याचे नाक सोलले आणि घोडा तरीही थांबला नाही, ही दुसरी. वापरलेला माल म्हणून तो लगाम आमच्या माणसाने परत घेतला नाही, ही तिसरी.

तिसऱ्या तक्रारीवर मला बचाव करायचा नाही. वापरलेला माल परत न घेण्याचा नियम आम्ही खोगिराखाली घालायच्या कापडांसाठी केला होता, कारण त्यांतून एका घोड्याचे कातडीचे विकार दुसऱ्याकडे जातात. चुकीच्या मापाने दिलेल्या लगामाला तो लावणे गैर होते. आपले पूर्ण पैसे परत मिळतील.

नाक सोलले त्याचा दोषही माझ्याकडे येतो. आपण मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावरून मी डोक्याचा अंदाज बांधला आणि घोडा न पाहता लगाम दिला. परीक्षणासोबत आपण जोडलेल्या छायाचित्रात नाकपट्टा जवळपास चार बोटे खाली उतरलेला स्पष्ट दिसतो. हा पट्टा गालाच्या हाडाची उभारलेली कड जिथे संपते तिच्या साधारण दोन बोटे खाली, म्हणजे नाकाच्या भक्कम हाडावर बसायला हवा. त्याहून खाली ते हाड निमुळते आणि पातळ होत जाते व पुढे केवळ कूर्चा आणि मऊ भाग उरतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा सारा श्वास नाकातूनच चालतो. त्यामुळे धावताना नेमक्या त्या मऊ जागी दाब आला की तो मान वर फेकून सुटका करून घेऊ पाहतो, आणि आपल्याला तो अधिकच अनावर झाल्यासारखा वाटतो. त्यात किनाऱ्यावर खारे पाणी आणि वाळू पट्ट्याखाली शिरते, भिजलेले चामडे वाळताना कडक होते आणि कानशीसारखे घासते. पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावून देणे आणि प्रत्येक फेरीनंतर तो गोड्या पाण्याने पुसायला सांगणे, ही दोन्ही कामे माझी होती. ती झाली नाहीत, त्याबद्दल मी आपली आणि त्या मुक्या जनावराची मनापासून क्षमा मागते.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दिवशी दुकानात नीट सांगितली नाही. तोंडात लोखंड नाही म्हणजे घोड्याला त्रास नाही, ही समजूत खरी नाही. आपल्याला दिलेला लगाम साधा, दोन्ही बाजूंनी सरळ ओढणारा होता. परंतु बिटलेसमध्येच मेकॅनिकल हॅकामोर नावाचा दांड्यांचा प्रकार आहे आणि तो नाकावर, हनुवटीखाली व कानांमागे तरफेसारखा दाब देतो. कठोर हातात तो सौम्य बिटापेक्षा कितीतरी अधिक दुखावतो. हनुवटीखालून पट्टे एकमेकांना छेदून जाणारा तिसरा प्रकार साऱ्या डोक्यावर दाब वाटून टाकतो, पण हात सैल सोडल्यावर तो दाब लगेच सुटत नाही, आणि घोडा तर दाब सुटण्यावरूनच शिकतो.

आता पहिल्या तक्रारीकडे येते. ते बिट न देण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. आपण दाखवलेल्या नमुन्यात बाजूच्या लांब दांड्यांचा, तोंडातल्या दांडीच्या वरचा भाग दोन इंच आणि खालचा सहा इंच होता. अशा तरफेत हाताने जेवढा ताण द्यावा, त्याच्या सुमारे तिप्पट ताण हनुवटीखालच्या साखळीवर आणि सुमारे चौपट दाब तोंडातल्या दांडीवर येतो. ही दांडी टेकते ती जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. त्या हिरडीवर मांस जवळजवळ नसते, पातळ त्वचेखाली लगेच जबड्याच्या हाडाची धार असते. आपल्याकडे सुटीच्या दिवशी पाहुणे आणि मुलेही घोड्यावर बसतात, असे आपणच सांगितले होते. तोल गेला की नवखा माणूस लगामालाच लटकतो, आणि त्याच्या हातात चौपट करणारी तरफ मी देऊ शकत नाही. शिवाय घोडा दुखण्यापासून पळणारा प्राणी आहे. तोंडात कळ उठली की तो थांबण्याऐवजी त्या कळेपासून दूर धावतो. (काटेरी लगाम मागणारेही कधीकधी येतात. टोके किंवा गाठी असलेली बिटे प्राणी क्रूरता कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांनीच निषिद्ध आहेत आणि ती आमच्याकडे कधीच मिळणार नाहीत. आपण तसे काही मागितले नव्हते, हेही इथे नमूद करते.)

दात तपासण्याचा आग्रह आपल्याला उपदेश वाटला, पण त्यामागे कारण होते. आपण दाखवलेल्या पहिल्या छायाचित्रात जुने बिट, म्हणजे मधोमध एक सांधा असलेले कडियाळे, उजव्या बाजूला बोटभर बाहेर आले होते आणि ओठाचा कोपरा लालसर होता. बिट तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजू मिळून अर्धा ते एक सेंटीमीटरच जास्त असावे. त्याहून लांब असले की ते तोंडात इकडून तिकडे सरकते, आणि ओढल्यावर त्याचा सांधा खाली झुकून जिभेला चिमटतो किंवा वर उठून टाळूला टोचतो. दाढांच्या बाहेरच्या कडांना झिजेने धार आली असेल, तर बिट आणि नाकपट्टा हे दोन्हीही गालाला त्या धारेवर दाबतात. पहिल्या दाढेपुढे कधीकधी उगवणारा वुल्फ टूथ नावाचा लहानसा दात बिटाखाली आला, तर घोडा मान फेकणारच. यातले आपल्या घोड्याला काय आहे, हे तोंड उघडून पाहणारा पशुवैद्यच सांगू शकेल. दुकानदाराने तो अंदाज करू नये, म्हणूनच मी आपल्याला तिकडे पाठवत होते.

जाड बिट सौम्य असते, असेही आपण लिहिले आहे. काही घोड्यांच्या बाबतीत ते खरे ठरते. पण बारीक डोक्याच्या काठेवाडी घोड्याच्या तोंडात जिभेनेच बहुतेक जागा व्यापलेली असते, तिथे जाड दांडी मावत नाही आणि घोडा तोंड उघडे ठेवू लागतो. तोंड निरोगी निघाले, तर माझी पसंती दोन सांध्यांच्या, मध्ये गुळगुळीत मणी असलेल्या मध्यम जाडीच्या साध्या स्नॅफलला (तरफेच्या दांड्या नसलेल्या बिटाला) राहील, तेही स्टेनलेस स्टीलच्या, कारण आपल्या खाऱ्या हवेत मुलामा दिलेल्या लोखंडाचे पापुद्रे निघतात आणि त्यांची धार ओठाला लागते. तोंडात इजा निघाली, तर अस्तर लावलेला बिटलेस लगामच योग्य, पण नाकाची जखम पूर्ण भरल्यानंतर. तोवर नाकावर कोणताही पट्टा नको आणि स्वारीही नको.

जे काही ठरेल, त्याची पहिली परीक्षा किनाऱ्यावर घेऊ नये, ही माझी विनंती आहे. ओहोटीची घट्ट, विस्तीर्ण वाळू, समोरून दौडत येणारे दुसरे घोडे आणि लाटांचा आवाज यांत चांगला शिकलेला घोडाही कळपामागे ओढला जातो. आधी वाडीच्या कुंपणात चालीवर थांबणे, मग दुडकीवर थांबणे, आणि एका बाजूच्या लगामाने हळूहळू लहान वर्तुळात वळवून वेग उतरवणे, एवढे पक्के होऊ द्यावे.

पशुवैद्यांची तपासणी झाली आणि नाक भरून आले की मला कळवावे. मी स्वतः आपल्या वाडीवर येऊन, कोणतेही शुल्क न घेता, डोक्याचे व तोंडाचे माप घेईन आणि तीन-चार प्रकार घोड्यावर लावून दाखवीन. त्यातले काहीही विकत घेण्याचे बंधन आपल्यावर नाही. पैसे परत घेण्यासाठी दुकानात याल तेव्हा ते जुने कडियाळेही कृपया सोबत आणावे, मला त्याची लांबी मोजायची आहे.