‘सव्वा तासात गुंडाळलेली’ फेणी सहल: आमचं उत्तर

नमस्कार.

आपण दिलेले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर मुलीने काल रात्री वाचून दाखवला. आमच्या गोव्यातल्या काजूबागेत फेणी, म्हणजे काजूच्या फळाची दारू, कशी गाळतात ते दाखवणारी तीन तासांची सहल सांगून माणशी बाराशे रुपये घेतले आणि सव्वा तासात गुंडाळली, भट्टी विझलेली होती, निरो, म्हणजे काजूफळाचा ताजा गोड रस, प्यायला मिळालाच नाही, हुर्राकही, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली काजूची दारू, घोटभरच दिला, असं आपण लिहिलंत. एवढ्या लांबून येऊन आपला विरस झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मुलं उन्हात उभी राहिली, तिथे मांडव हवा होता. ही चूक आमची.

पण ‘गुंडाळली’ हा शब्द फार लागला.

आपलं बुकिंग सकाळी नऊचं होतं. आदल्या संध्याकाळी मी स्वतः कळवलं होतं की उद्या शुक्रवार, म्हापशाचा बाजार, रस्ता तुंबतो, तेव्हा कळंगुटहून सातला निघा. नऊला फोन केला तेव्हा आपला नाश्ता चालला होता. साडेदहाला केला तेव्हा गाडी डिचोलीही ओलांडली नव्हती. वाळपई सोडून आमच्या बागायतीत आपण पोहोचलात बारा वाजून दहा मिनिटांनी. आणि सव्वा तासाने निघायची घाई आम्ही केली नाही. चारच्या आत पणजीला बोट गाठायची आहे, असं आपणच म्हणालात. आईने आपल्या सहाजणांसाठी खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) आणि सोलकढी करून ठेवली होती. जेवण त्याच बाराशेत होतं. ते तसंच राहिलं.

उशीर कुणालाही होतो, त्याचा राग नाही. पण काजूचं काम कुणासाठी थांबवता येत नाही, हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. आम्ही बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाही, पिकून खाली पडलेलाच वेचतो, तोही सकाळच्या गारव्यात. मग बिया काढायच्या, दगडी डोणीत बोंडू तुडवायचे. तुडवून रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून त्यावर दगड ठेवतो आणि रात्रभर थेंब थेंब जो गळतो तो निरो. सकाळी नऊला तो मधासारखा गोड असतो. एप्रिलच्या उन्हात बारापर्यंत त्याला फेस येऊ लागतो, चव आंबूस होते. तसला निरो मुलांच्या हातात देणं मला जमलं नाही. आपल्याला वाटलं, आम्ही लपवून ठेवला.

भट्टीचंही तसंच. तुडवून काढलेला रस तीन दिवस आंबल्यावरच भांड्यात चढतो. पहाटे पाचला विस्तव घातला की अकरापर्यंत हुर्राक उतरून संपतो. आमची लहान भट्टी, दिवसाला एकदाच भांडं चढतं. दुपारी आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा पेटवायची तर आंबलेला रस आणायचा कुठून? हुर्राक आणि आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी होते, ती मी आपल्याला बाटलीतली दाखवली. गरम नळीतून पडणारी धार बघणं वेगळं, हे मलाही कळतं. आपल्याला ती दाखवता आली नाही याचं दुःख माझंही आहे.

हुर्राक घोटभरच दिला, हेही खरं. येताना वाटेत बिअर झाली होती, असं आपल्यातल्याच एकाने सांगितलं. बिअरनंतर जिभेला हुर्राकातली बोंडवाची चव कळतच नाही, नुसता उग्रपणा कळतो. आधी भाकरीचा तुकडा खाऊन, पाणी पिऊन, मग कोरा छोटा घोट, आणि त्यानंतर लिम्का, मीठ, चिरलेली हिरवी मिरची, असा आमचा क्रम असतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता. ड्रायव्हरला ‘थोडीशी’ द्या म्हणालात तेव्हा मी नाही म्हटलं. साखळी गावापर्यंतचा घाटवळणाचा रस्ता मी रोज बघतो. ते आजही नाहीच म्हणेन.

वासाची ‘गावठी दारू’ असंही लिहिलंत. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. माझे आजोबा तीच गाळायचे, तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं. म्हणून हे दोन शब्द वाचून आई गप्प बसली.

आमचा हंगाम मार्च ते मे, पाऊस आला की सगळं बंद. या अडीच-तीन महिन्यांवर घराचं वर्ष निघतं, आणि हल्ली पाहुणे यायच्या आधी तारे बघतात. म्हणून एवढं लांबलं, रागावू नका.

मांडवाचं या आठवड्यात बघतो. उशिरा येणाऱ्यांसाठीही काहीतरी करावं लागेल, ते घरात बोलून ठरवतो. आपण पुन्हा आलात तर जेवणाचे पैसे घेणार नाही, फक्त नऊच्या आत या. आणि आपल्या धाकट्याची निळी टोपी डोणीपाशी राहिली होती. आईने धुऊन ठेवली आहे, पत्ता कळवा, कुरियरने पाठवतो.