वासोट्यावर मोजदाद

वासोटा किल्ल्याला गाडीरस्ता नाही, हे सांगताना माझ्या मेव्हण्याची छाती फुगते. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली; आता बामणोलीहून दीडेक तास लाँचने जायचं आणि अभयारण्याच्या जंगलातून चढायचं. "ऑफिस नाही, हिशेब नाही, दाजी! चला!" एवढ्यावर मी भुललो.

मेट इंदवलीला लाँचमधून उतरलो तर हिशेब वही उघडून बसलेला. गडावर प्लास्टिक राहू नये म्हणून जाताना ते मोजायचं, अनामत ठेवायची, आणि येताना तेवढंच मोजून परत दाखवायचं. नियम झकास आहे, माझा त्याला पाठिंबाच. पण माझी सॅक बायकोने भरली होती, आणि तिचा पिशव्यांवर फार विश्वास. चटणीची पिशवी, ती आणखी एका पिशवीत, कारण तेल सुटतं. लिंबाची वेगळी. मिठाची एवढीशी पुडी. शिवाय "असू द्यात" म्हणून काही नुसत्याच रिकाम्या. मागची रांग खाकरू लागली.

"साहेब, लग्नाला निघालाय का?" वनरक्षकाने पेन झटकत विचारलं.

जंगल असं दाट की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. इथे गवे आहेत, अस्वलं आहेत. २०१० पासून हा सगळा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण मला काळजी वेगळीच. वाघाने मला नेलंच, तर पिशव्या परत कोण दाखवणार? १६६१ साली राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडून महाराजांनी इथे कैदेत ठेवले होते. त्यांच्यामागे निदान पुड्यांची यादी तरी नसावी.

वर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, आणि पुढे बाबूकडा. कोकणाच्या अंगाला सरळ तुटलेला, समोर जुन्या वासोट्याचा डोंगर. बडबडी माणसंही तिथे गप्प बसतात. मीही बसलो, काकडीला मीठ लावत. तेवढ्यात खालून वारा उसळला. रिकामी पुडी आधी डोक्यावर गेली, तिथे जरा रेंगाळली आणि मग निवांतपणे कोकणात उतरली.

"जाऊ द्या हो दाजी, एवढीशी पुडी!"

"यादीत आहे ती."

उतरताना आम्ही दोघं वाटेकडेची झुडपं चाळत आलो. एका करवंदीच्या जाळीत कुण्या पुण्यवंताने टाकलेली पुडी सापडली. हात ओरबाडून निघाला, पण संख्या जुळली.

वनरक्षकाने ती उजेडात धरली. "ही गुटख्याची आहे. जाताना मिठाची होती. काय लिहू?"

लाँचवाला हाका मारत होता. "लिहा गुटख्याची," मी म्हणालो.

त्याने माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गुटखा पुडी – १', आणि सहीला वही पुढे केली. मी सही करेपर्यंत मेव्हण्याने पानाचा फोटो काढला होता. ताईला दाखवायला.