४८ व्होल्टच्या बटणाने साधा माइक जळत नाही

‘ऑडिओ इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चुकून दाबलं, तर डायनॅमिक माइक जळतो,’ असा मेसेज गायक-वादकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. हे खरं नाही. (ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी; डायनॅमिक म्हणजे चुंबक आणि तारेच्या कॉइलवर चालणारा साधा माइक.)

या बटणाने फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून माइकला जाणारी वीज, चालू होते. तिचे ४८ व्होल्ट एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक) केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच येतात, तेही प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. डायनॅमिक माइकची कॉइल या दोन पिनांच्या मध्ये असते. दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखंच, म्हणून कॉइलमधून प्रवाह वाहतच नाही. शुअर एसएम ५८ सारखा माइक त्यामुळे सुखरूप राहतो. बऱ्याच इंटरफेसवर दोन्ही चॅनेलना एकच बटण असतं. तरीही तबल्याला कंडेन्सर आणि गायकाला डायनॅमिक माइक लावून बिनधास्त रेकॉर्डिंग करा. कंडेन्सरला तर ही वीज लागतेच.

भीती बाळगायची ती रिबन माइकची (ज्यात धातूची पातळ पट्टी कंप पावते), विशेषतः जुन्या. केबल सदोष असेल किंवा पॅचबेमधून (अनेक केबल एकत्र जोडायच्या पॅनलमधून) जोडणी केली असेल, तर त्याची नाजूक पट्टी ताणली जाऊ शकते. एक्सएलआरवरून साध्या मोनो जॅकवर जाणाऱ्या केबलनेही दोन्ही पिनांवरच्या व्होल्टेजचा समतोल बिघडतो, ती फँटम चालू असताना वापरू नका.

खरं नुकसान बहुतेकदा स्पीकरचं आणि कानांचं होतं, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही! फँटम चालू असताना माइक काढला-घातला की जोरदार ‘धप्प’ आवाज येतो. म्हणून आधी गेन (माइकचा सिग्नल वाढवणारं बटण) आणि मॉनिटर स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, हेडफोन कानावरून काढा, माइक जोडा, मगच बटण दाबा. काढताना बटण बंद करून काही सेकंद थांबा.