‘गाठीला डॉलर बांधून…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘परतीची तारीख’ या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लेख ऑगस्टमधला आहे. अमेरिकेत राहायचं की परत यायचं, हे नवराबायकोने एक तारीख धरून त्याआधी ठरवून टाकावं, नाहीतर ग्रीन कार्डची रांगच आपल्या वतीने ठरवते, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर ‘बे एरियात १७ वर्षं’ अशी ओळख देऊन आपण लिहिलंत, “ताई, गाठीला डॉलर बांधून परत आलेल्यांनी आम्हाला मातीची ओढ शिकवू नये. भरल्या पोटी उपासाचं महत्त्व सांगणं सोपं असतं.” पुढे आणखी मुद्दे आहेत: रांगेत अडकलेल्यांना मुलांच्या वयाची चिंता असते, त्यांना अपराधी वाटायला लावू नका, इथले रस्ते, हवा, लाचखोरी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असताना मायदेश-परदेश हा भेद जुना झाला, अमेरिकेची दारं बंद व्हायला लागल्यावर परतीचे गोडवे सुरू झाले, आणि नारळीकरांचं साल चुकलं.

साल चुकलं, हे मान्य. जयंत नारळीकर केंब्रिजहून परत आले ते १९७२ साली, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत. मी लिहिलेलं १९८८ हे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली ते साल. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता त्या पहिल्या दोन वाक्यांकडे येते.

आमच्या सांगलीकडे एखादीला ताई म्हटलं की माणूस पुढचं वाक्य जरा जपून बोलतो. आपण हाक मारलीत ताई म्हणून आणि पुढच्याच शब्दाला माझी गाठ चाचपायला लागलात. ‘मातीची ओढ’ हे शब्द माझ्या अख्ख्या लेखात एकदाही आलेले नाहीत. शोधून बघा. ते आपले शब्द आहेत, माझ्या तोंडी घातलेले. मी इथे नऊ वर्षं लिहिते आहे. कडक प्रतिक्रिया आल्या, अगदी ‘तुम्हाला लिहिता येत नाही’ इथपर्यंत आल्या, त्या मी ठेवल्या आहेत. पण ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याचं पोट भरलेलं होतं की रिकामं, हे कॅलिफोर्नियात बसून ठरवणं मला लागलं. ते लपवत नाही.

हिशेब मागितलाच आहे, तर देते. २००७ च्या नोव्हेंबरात, लग्नाला चार महिने झाल्यावर, मी न्यू जर्सीत एडिसनला गेले. शिवाजी विद्यापीठाची सूक्ष्मजीवशास्त्रातली एम.एस्सी. आणि सांगलीतल्या एका लॅबमधली दोन वर्षांची नोकरी एवढी माझी शिदोरी. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणून मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. एच-४वर तेव्हा नोकरी करता येत नव्हती. काही जणींना ती परवानगी मिळायला लागली मे २०१५ पासून, आम्ही परतून दोन वर्षं झाल्यावर. साडेपाच वर्षांत मी तिथे एक डॉलरही कमावला नाही. गावच्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस पुस्तकं लावायला जायचे, बिनपगारी, कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारावी म्हणून.

नवऱ्याला पगार होता, पण कन्सल्टन्सीमार्फत. २००९ साली प्रोजेक्ट संपलं, तो बेंचवर, म्हणजे कामाविना, बसला आणि त्या कंपनीने अडीच महिने पगार दिला नाही. व्हिसा त्यांच्याच हातात, भांडणार कसं? घराचं भाडं, गाडीचा हप्ता, आणि मला सातवा महिना लागलेला. त्या दिवसांत ओक ट्री रोडवरच्या दुकानातून मी तांदळाची मोठी पिशवी घेणं बंद करून दोन-दोन पाउंडांच्या पिशव्या आणायला लागले. हे आजवर कधी लिहिलं नव्हतं.

जे साठलं त्यातलं बरंचसं सांगलीच्या फ्लॅटचं कर्ज फेडण्यात गेलं. उरलेलं २०१३ च्या मेमध्ये इकडे आणलं, तेव्हा डॉलरला ५५ रुपयांच्या आसपास मिळाले. ऑगस्टच्या अखेरीस तोच डॉलर ६८ च्या वर गेला. तीन महिने थांबला असतात तर, हे वाक्य आम्हाला नातेवाइकांनी इतक्यांदा ऐकवलंय की मोजणं सोडून दिलं. नवऱ्याने तिथे सोशल सिक्युरिटीत भरलेले पैसेही तिथेच राहिले. त्या पेन्शनला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांची नोकरी लागते, आणि भारत-अमेरिकेत त्याबाबतचा करार नाही. गाठ बांधायला निघालेली माणसं असं करत नाहीत.

मग परतलो कशासाठी? माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. दर रविवारी स्काइपवर त्यांचं कपाळ दिसायचं आणि मागचं कॅलेंडर. हात कधी दिसले नाहीत. २०१२ च्या दिवाळीला मी लेकीला घेऊन आले. आईने चहा दिला. बाबांनी जन्मभर चहा बशीत ओतून प्यायला, पण त्या दिवशी कप दोन्ही हातांनी धरून, मान खाली नेऊन ते कपालाच तोंड लावत होते. मी म्हटलं, “बशी देऊ का?” आई म्हणाली, “नको. सांडतो म्हणून सोडलंय. वर्ष झालं.” पार्किन्सन्स होता. ते वर्षभर दर रविवारी मला “सगळं बरं आहे” असंच सांगत होते, आणि मी कपाळाकडे बघून ते खरं मानत होते.

एडिसनला परत गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही आकडे मांडले. नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१० ची, ईबी-३ या नोकरीच्या वर्गातली. जानेवारी २०१३ च्या अमेरिकी सरकारच्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतासाठीची ईबी-३ची तारीख होती २००२ चा नोव्हेंबर, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर आला होता. नोकरीच्या वाटेने साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. एच-१बीची सहा वर्षं ऑक्टोबरात संपत होती. आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर असल्याने आणखी तीन वर्षांची मुदतवाढ मिळत होती, आणि ती घ्या असंच सगळे सांगत होते. आम्ही घेतली नाही. मेची तिकिटं काढली. लेखातली तारीख ही होती. ती मी पुस्तकात वाचून आणलेली नाही.

भरल्या पोटाचंही सांगते. परतल्यावर नवरा हिंजवडीत नोकरीला, मी मुलीला घेऊन सांगलीत, दोन वर्षं तो शनिवार-रविवारचा पाहुणा. २०१५ मध्ये मी तळमजल्यावरच्या भाड्याच्या गाळ्यात पाणी तपासणीची छोटी लॅब काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर शटर उघडलं तर इनक्युबेटर आडवा पडलेला, आतल्या जाळीवर हाताने थापावा तसा गाळ. ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं तर आत मेलेला मासा. विमा काढलेला नव्हता. तुम्ही म्हणता ती गाठ कधी असलीच तर त्या दिवशी सुटली.

आठ दिवसांनी उसनवारीवर एच२एसच्या बाटल्या मागवल्या आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी-बोअरचं पाणी तपासायला निघाले. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, दूषित असेल तर काळं पडतं. २७ बाटल्यांपैकी २३ काळ्या पडल्या. त्या मी एका देवळाच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवल्या. भाषण द्यावं लागलं नाही. बायका आल्या, बघून गेल्या, आणि टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडेपर्यंत त्या विहिरीत कुणी घागर सोडली नाही. बाबा २०२१ च्या जानेवारीत गेले. शेवटची दीड वर्षं त्यांचा चहा मी बशीत ओतून, फुंकर घालून पाजायचे. याची डॉलरमध्ये किंमत काढता येत असेल तर तुम्ही काढा.

तिकडे राहणाऱ्यांबद्दल मला आकस आहे असं कुणाला वाटत असेल, तर माझी सख्खी नणंद २० वर्षं टोरांटोला आहे. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात सात आठवडे बिनपगारी रजा काढून रात्री जागायला तीच येऊन राहिली होती. तिने माझा लेख वाचला. तिला त्यात उपदेश दिसला नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहावंसं वाटत नाही. रस्ते, हवा, लाचखोरी यांत नवीन काही नाही, आम्ही रोज त्यातच राहतो. ओसीआय कार्डावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, भेद जुना झाला की नाही ते त्यावरून ठरवा. दारं बंद होण्याचं म्हणाल तर, एच-१बीच्या नव्या अर्जांवरच्या १ लाख डॉलर शुल्काची घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ची आहे, माझा लेख त्याच्या आधीचा. जो माणूस माझं एक साल दुरुस्त करतो त्याने आरोप करताना दोन तारखा शेजारी ठेवून बघायला हव्या होत्या.

मुलांच्या वयाचं म्हणाल तर, रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं की सहसा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं, हे मला माहीत आहे. लेखात त्याचा ओझरता उल्लेखही आहे. कुणाला वाचून अपराधी वाटलं असेल, तर ते माझ्या लेखामुळे की आधीपासूनच वाटत होतं, हे ज्याचं त्याने पाहावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर माझ्या गाठीवर नको, लेखावर लिहा. तारीख ठरवावी की ठरवू नये, यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. आणि ताई म्हणायची गरज नाही.